अर्धा पाइंट, कपभर चहा: लंडनमध्ये खाण्यापिण्याला किती पैसे लागतात?

मामा सांगलीहून पहिल्यांदा लंडनला आले, तेव्हा थेम्सच्या दक्षिणेकडच्या एका जुन्या पबमध्ये काउंटरवर जाऊन त्यांनी ‘वन पाइंट’ असं सांगितलं. आपल्याकडे पाइंट म्हणजे ३३० मिलीची छोटी बाटली. इथला पाइंट ५६८ मिलीचा. काठोकाठ भरलेला ग्लास समोर आला, कार्डावरून साडेसहा पौंड गेले आणि तो ग्लास संपवण्यातच मामांची दुपार सरली. “अगं, अर्धा मिळतो हे आधी सांगायचंस ना!” असं ते घरी येताना दोनदा म्हणाले.

मिळतो, पण मागावा लागतो. बारा वर्षं मी या शहरात राहते आहे आणि दर उन्हाळ्यात घरी कुणी ना कुणी पाहुणे असतात. त्यांच्याबरोबर हिंडताना माझ्या एक गोष्ट पक्की लक्षात आली आहे. लंडन महाग आहेच, पण आपल्या माणसांचे इथे जास्तीचे पैसे जातात ते संकोचापायी. लहान माप मागायला संकोच, साधं पाणी मागायला संकोच, बिलातली एखादी ओळ कसली आहे हे विचारायला संकोच. यातलं बरंचसं मागायचा तुम्हाला इथे हक्क आहे, काही तर कायद्यानेच दिलेलं आहे, आणि विचारलं तर कुणी भुवई उंचावत नाही.

आधी पैशांचं

हिशेबाला एक पौंड म्हणजे १२० रुपये धरा. खाली दिलेले भाव २०२५च्या अखेरचे आणि ढोबळ आहेत. गल्ली बदलली की पौंड-दीड पौंडाचा फरक पडतो. पाटीवर लिहिलेल्या किमतीत कर आलेला असतो, त्यामुळे आपल्याकडे मेन्यूतल्या भावावर शेवटी जीएसटी चढतो तसा धक्का इथे बसत नाही.

बऱ्याच पबमध्ये आणि बाजारातल्या टपऱ्यांवरही आता फक्त कार्ड चालतं. भारतातलं कार्ड लावल्यावर मशीन कधी कधी विचारतं की रक्कम पौंडांत घेऊ की रुपयांत. ओळखीचे रुपये दिसले की बरं वाटतं आणि बोट तिकडेच जातं. तिथे लागणारा विनिमय दर जवळजवळ नेहमीच तुमच्या तोट्याचा असतो. पौंडच निवडा. साधं क्रेडिट कार्ड असेल तर तुमची बँक परदेशी व्यवहारावर साधारण दोन ते साडेतीन टक्के घेते आणि त्यावर जीएसटी लावते, म्हणून निघण्याआधी फॉरेक्स कार्डाची चौकशी करून ठेवा.

फिरण्यासाठी बस घ्या. भाडं १.७५ पौंड, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी तेवढंच. दिवसभर फक्त बसनेच फिरलात तर ५.२५ पौंडांच्या पुढे कापले जात नाहीत. भुयारी रेल्वे धरून पहिल्या दोन झोनमध्ये ही दिवसाची मर्यादा ८.९० पौंड आहे. मात्र दोघांना एक कार्ड चालत नाही. मामींना वेगळं कार्ड द्यावं लागेल.

पबमध्ये गेल्यावर

टेबलाशी बसून वाट पाहत राहिलात तर बहुतेक पबमध्ये कुणीही येणार नाही. काउंटरवर जायचं, सांगायचं, तिथेच पैसे द्यायचे आणि ग्लास आपणच उचलून आणायचा. रांग दिसत नाही, पण असते: कोण कोणाच्या आधी आलं हे काउंटरमागच्या माणसाला आणि बाजूला उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तुमच्याकडे चुकून आधी वळले तर शेजाऱ्याकडे हात करा. त्या एका खुणेने अनोळखी माणूस बोलायला लागतो, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

मध्य लंडनमध्ये साध्या बिअरचा पाइंट साडेसहा ते साडेसात पौंडांना, उपनगरात साडेपाच-सहाला. नळाची बिअर वाटेल त्या मापात विकता येत नाही. एक तृतीयांश, अर्धा, दोन तृतीयांश आणि पूर्ण पाइंट, एवढीच मापं कायद्याला मान्य आहेत. अर्ध्याला साधारण निम्मे पैसे पडतात. फेस फारच आला असेल तर ‘टॉप-अप, प्लीज’ म्हणा; वरून भरून देतात. चव आवडेल की नाही अशी शंका असेल तर घोटभर चाखायला मागा, त्याचे पैसे सहसा लागत नाहीत. गर्दीच्या वेळी चार-चार नमुने मागू नयेत एवढंच.

काउंटरवर लाकडी किंवा चिनीमातीच्या उंच मुठी दिसतील. ती कास्क एल. पिंपातच शेवटचं आंबणं होऊ दिलेली, हाताने उपसून काढलेली बिअर. ११ ते १३ अंशांवर ती दिली जाते, म्हणून आपल्याला कोमट वाटते, आणि फेसही बेताचाच. पहिल्या घोटाला नाक मुरडू नका, अर्धा ग्लास होऊ द्या. बर्फगार बिअरमध्ये जी चव गोठून जाते ती इथे लागते: भाजलेल्या धान्याची, कधी संत्र्याच्या सालीची. बहुतेक कास्क एल ४ टक्क्यांच्या आसपास असतात आणि त्याच काउंटरवरच्या क्राफ्ट बिअरपेक्षा पौंडभर तरी स्वस्त. ही जात मोठ्या कंपन्यांच्या रेट्यात नामशेष होऊ नये म्हणून १९७१मध्ये ‘कॅम्रा’ ही ग्राहकांची संघटना उभी राहिली. आजही तिचे सभासद चांगल्या पबांच्या याद्या ठेवतात. बिअर टिकवण्यासाठी ग्राहकांनीच चळवळ करावी, याचं मला फार अप्रूप आहे.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. कास्क एल नितळ व्हावी म्हणून बऱ्याच ठिकाणी माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. ‘इज इट वेगन?’ एवढं विचारलं की खरं उत्तर मिळतं.

चार जण निघालात की ‘राउंड’ची पद्धत समोर येते. एक जण सगळ्यांचं आणतो, मग दुसरा, मग तिसरा. चौघांच्या चार फेऱ्या म्हणजे प्रत्येकी चार पाइंट आणि सव्वीस-सत्तावीस पौंड, मग मनात एकच घ्यायची असली तरी. पहिल्याच फेरीला ‘मी माझं माझं घेईन’ असं हसून सांगून टाका. फेरीत शिरून आपली पाळी आल्यावर मात्र मागे सरू नका. ते इथे फार लागतं. न पिणाऱ्याने ‘लाइम अँड सोडा’ मागावा. लिंबाचा अर्क आणि सोडा, एक-दोन पौंड, आणि हातात ग्लास असतो. साधं पाणी मागाल तेव्हा ‘टॅप वॉटर’ हा शब्द वापरा. नुसतं ‘वॉटर’ म्हटलं तर तीन पौंडांची बाटली उघडली जाऊ शकते. दारूचा परवाना असलेल्या जागेत ग्राहकाने मागितलं तर नळाचं पिण्याचं पाणी फुकट द्यावंच लागतं, असा नियम आहे.

टीप द्यावी लागत नाही. पण फोनवरून किंवा टेबलावरचा कोड स्कॅन करून मागवलंत तर काही ठिकाणी साडेबारा टक्के सेवाशुल्क आपोआप चढतं. माझ्या पहिल्या वर्षी एका पबात मी ते भरलं आणि वर पाच पौंडांची नोटही ठेवून आले. बिल वाचलंच नव्हतं. ‘डिस्क्रिशनरी’ असं लिहिलं असेल तर ते ऐच्छिक आहे, काढायला सांगता येतं. ऑक्टोबर २०२४पासून असा सगळा पैसा कामगारांनाच पोचवणं मालकांवर बंधनकारक झालं आहे. म्हणून जिथे टेबलाशी येऊन कुणी आपुलकीने वाढलं असेल तिथे मी तो राहू देते आणि तुम्हीही द्यावा असं मला वाटतं.

वयाचं सांगायला हवं, कारण घोळ तिथेच होतो. इथे १८ पूर्ण झालं की चालतं. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५. पण पंचविशीच्या आतला कुणी वाटला की ओळखपत्र मागायची इथे सर्रास पद्धत आहे. माझा एकोणीस वर्षांचा भाचा आधार कार्ड दाखवून परत फिरला. मूळ पासपोर्टच लागतो. फोनवरचा फोटो सहसा चालत नाही.

कुठे जावं? साउथवर्कमधलं ‘जॉर्ज इन’ मला सगळ्यात आवडतं. १६७७ची इमारत, घोडागाड्यांच्या काळातल्या लाकडी सज्ज्यांसह उरलेली लंडनमधली एवढी एकच, आणि आता नॅशनल ट्रस्टच्या मालकीची. अंगणातल्या बाकावर अर्धा पाइंट घेऊन तासभर बसा, साडेतीन-चार पौंडांत काम होतं. जुनेपणाचे वेगळे पैसे कुणी लावत नाही. फ्लीट स्ट्रीटवरचं ‘ये ओल्ड चेशायर चीझ’ १६६६च्या आगीनंतर, १६६७मध्ये पुन्हा बांधलेलं. आत बोळकांडी आणि काळोख्या खोल्या, पावसाळी दुपारी तिथे जावं. खिसा अगदीच आवरायचा असेल तर ‘वेदरस्पून’ या साखळीच्या शाखा आहेत. मध्य लंडनमध्येही तिथे चार पौंडांच्या आसपास पाइंट मिळतो, शिवाय चहा-कॉफीचा कप एकदा घेतला की पुन्हा पुन्हा भरून घेता येतो. ग्रेसचर्च स्ट्रीटवरच्या त्यांच्या ‘क्रॉस कीज’मध्ये पूर्वी हाँगकाँग अँड शांघाय बँकेचं दालन होतं. संगमरवरी खांबांमध्ये बसून स्वस्तातली बिअर पिताना मामा अर्धा वेळ छताकडेच बघत होते.

पबमध्ये कुणाच्या तोंडी ‘डूलाली’ शब्द आला तर कान टवकारा. डोकं फिरलेला, भ्रमिष्ट असा त्याचा अर्थ. तो आला आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सैनिक तिथल्या छावणीत महिनोन् महिने पडून राहत, आणि त्या अवस्थेला ‘डूलाली टॅप’ म्हणत. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. पुण्यात २००९मध्ये सुरू झालेल्या ब्रुअरीने हेच नाव घेतलं, ते या वळणाने घरी परत आलं.

रेल्वेच्या कमानींखाली

क्राफ्ट बिअरसाठी बर्मंडसीला जा, आणि शनिवारी जा. लंडन ब्रिजहून निघणाऱ्या, १८३६मध्ये धावू लागलेल्या रेल्वेमार्गाखाली विटांच्या शेकडो कमानी आहेत. त्यांतल्या कित्येक कमानींमध्ये छोट्या ब्रुअऱ्या आणि त्यांच्या टॅपरूम आहेत. ‘बिअर माइल’ म्हणतात खरं, पण आता ती मैलापेक्षा लांब पसरली आहे. २००९मध्ये सुरू झालेली ‘द कर्नल’ ही या भागाची पायवाट पाडणारी. काही कमानी बंद होतात, नव्या उघडतात, तेव्हा निघण्याआधी वेळा पाहून घ्या. दुपारी बारा-एकला पोचा. चारनंतर वाढदिवसाच्या टोळ्या येतात आणि शौचालयाच्या रांगेत वीस मिनिटं जातात.

इथे एक तृतीयांशाचं माप तुमच्या कामाचं. तीन पौंडांच्या आसपास एक ग्लास, १८९ मिली. चार ठिकाणी चार ग्लास घेतले तरी बारा पौंडांत चार वेगळ्या हातांची बिअर कळते, आणि दारू मात्र दीड पाइंटालाही पोचत नाही. पूर्ण पाइंट मागत गेलात तर दुसऱ्या कमानीतच तीस मिनिटं आणि पंधरा पौंड संपतात. फळ्यावर नावापुढे लिहिलेले टक्के आधी वाचा. ६ किंवा ८ टक्क्यांची बिअर गोडसर, फळांच्या चवीची असते आणि घशाखाली सहज उतरते. तिचा पाइंट घेऊ नये असं मी सगळ्यांना सांगते. डबे घरी न्यायचे तर चार-सहा पौंडांना एक, पण भुयारी रेल्वेत किंवा बसमध्ये तो उघडू नका. २००८पासून तिथे दारू प्यायला बंदी आहे.

फळ्यावर सगळ्यात जास्त वेळा दिसतील ती अक्षरं ‘आयपीए’. इंडिया पेल एल. अठराव्या शतकात पूर्व लंडनमधल्या बो इथल्या हॉजसनच्या ब्रुअरीतून पिंपं जहाजांवर चढत आणि मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या बंदरांत उतरत. लांबच्या प्रवासाला टिकावी म्हणून हॉप्स सढळ हाताने घातलेली बिअर. कडवटपणाचं मूळ तिथे आहे. ती मुंबईत पिणारे अर्थातच गोरे होते. आज त्याच नावाचा ग्लास हातात धरून इथे बसताना मला दर वेळी त्या जहाजांचा वास येतो, आणि हा अभ्यास मराठीत कुणी नीट करावा असं वाटत राहतं.

प्रसिद्ध नावांबाबत एवढं ध्यानात असू द्या: कॅम्डन टाउन आणि बीव्हरटाउन ही लंडनचीच बाळं, पण पहिली आता एबी इनबेव्हच्या आणि दुसरी हायनेकनच्या मालकीची आहे. बिअर वाईट नाही. फक्त ती सुपरमार्केटातही मिळते, तेव्हा टॅपरूममध्ये तिच्यावर पैसे घालू नका.

रस्त्यावरचं खाणं

लंडन ब्रिजला लागूनच बोरो मार्केट. सोमवारी बंद, शनिवारी पाऊल ठेवायला जागा नसते. एक थाळी ९ ते १५ पौंड. मंगळवार ते गुरुवारच्या सकाळी जा, दोघांत एक घ्या, उभ्यानेच खा आणि चीजवाल्यांकडे चाखायला मागा. चांगलं चीज ओळखायला शिकवणारे विक्रेते इथे आहेत आणि शिकवायची त्यांना मनापासून हौस आहे. मामींनी अर्ध्या तासात सहा चिजं चाखली आणि शेवटी चार पौंडांचा एक तुकडा घेतला. विक्रेत्याने तो कागदात गुंडाळताना कसा ठेवायचा, केव्हा बाहेर काढायचा, सगळं सांगितलं.

पोट भरायचं तर ऑफिसातली माणसं जेवतात तिथे जावं. लेदर लेन आणि व्हाइटक्रॉस स्ट्रीट हे आठवड्याच्या दिवसांत दुपारी भरणारे बाजार. सात ते दहा पौंडांत डबा तुडुंब भरून देतात. दोन वाजायला आले की काही जण उरलेलं कमी भावात काढतात.

ब्रिक लेनवर चोवीस तास उघडी असलेली ज्यू परंपरेची बेकरी आहे, ‘बेगल बेक’. क्रीम चीज घातलेलं बेगल दोन-तीन पौंडांत मिळतं. तिथलं नावाजलेलं ‘सॉल्ट बीफ’ म्हणजे खारवलेलं गोमांस. न खाणाऱ्यांनी नुसतं बोट दाखवून मागू नये. तशीच काळजी चिप्सची. काही जुन्या दुकानांत बटाटा गाईच्या चरबीत तळतात, विचारून घ्या. फिश अँड चिप्स बांधून घेतले तर १२ ते १६ पौंड. एकाचं माप दोघांना सहज पुरतं. ईस्ट एंडमधल्या पाय-मॅशच्या दुकानात ‘लिकर’ असं लिहिलेलं दिसेल. ती दारू नव्हे, पार्स्लीचा हिरवा रस्सा आहे.

कॅफेत ‘ईट इन ऑर टेक अवे?’ असं विचारतात तेव्हा तो प्रश्न पैशांचा असतो. थंड सँडविच बांधून नेलं तर त्यावर व्हॅट नाही. तेच आत बसून खाल्लं तर २० टक्के. उन्हाचा दिवस असेल तर बांधून घ्या आणि बागेत बसा. सुपरमार्केटात सँडविच, वेफर्स आणि पेय मिळून चार-पाच पौंडांचा ‘मील डील’ असतो. प्रवासाच्या दिवशी त्याने निभावतं.

घरच्या चवीची आठवण झाली तर हाउन्स्लो गाठा. मुंबईत एकत्र शिकलेल्या दोन मराठी मित्रांनी मंदीत नोकऱ्या गेल्यावर २०१०मध्ये तिथे ‘श्री कृष्ण वडापाव’ सुरू केलं. वडापाव आता तीन पौंडांच्या आसपास आहे. रुपयांत हिशेब केलात तर घास अडेल, तेव्हा करू नका. जवळच साउथॉल, समोसे आणि जिलब्यांचं. तिथे ‘ग्लासी जंक्शन’ नावाचा एक पब होता, जिथे बिअरचे पैसे रुपयांत देता येत. २०१२मध्ये तो बंद झाला. पंजाबी मालकांचे पब पश्चिम लंडनमध्ये अजून आहेत, आणि तिथला तंदुरी ‘मिक्स्ड ग्रिल’ वीस-पंचवीस पौंडांत तिघांचं जेवण होतो.

चहा

चहात जितका फरक आहे तितका इथे दुसऱ्या कशातच नाही. दीड पौंडांपासून ऐंशी पौंडांपर्यंत.

दीड-दोन पौंडांचा चहा मिळतो ‘कॅफ’मध्ये. कामगारांची जुनी खाणावळ. फॉर्मायकाची टेबलं, भिंतीवर फोटो, जाड कपात गडद चहा आणि बाजूला दूध. ‘बिल्डर्स टी’ म्हणतात त्याला. आपल्यासारखं उकळत नाहीत, म्हणून पुडी चार मिनिटं तशीच राहू द्या, मग दूध घाला. बेथनल ग्रीन रोडवरचं ‘ई. पेलिची’ १९००पासून एकाच इटालियन कुटुंबाचं आहे. आतलं लाकडी जडावकाम १९४६चं आणि सरकारी वारसायादीत. तिथे एकटं बसताच येत नाही. शेजारचा गवंडी, समोरची आजीबाई, काउंटरवरची मालकीण, सगळे तुमची चौकशी करतात. पाहुण्यांनी मला ‘लंडनमधलं एक काहीतरी दाखव’ म्हटलं की मी त्यांना इथेच आणते.

त्याउलट साखळी कॉफीच्या दुकानात गरम पाणी आणि पुडीचे तीन-साडेतीन पौंड. ‘चाय लाटे’ घेऊ नका. बहुतेक ठिकाणी ती गोड पूड किंवा पाक दुधात ढवळलेला असतो, चार पौंडांच्या वर. आल्याचा उकळलेला चहा हवा तर साउथॉल, वेंब्ली किंवा व्हाइटचॅपलच्या टपरीवर दोन-तीन पौंडांत मिळतो.

आणि मोठ्या हॉटेलातला ‘आफ्टरनून टी’? सँडविचं, स्कोन, केक, तीन मजली ताटली. नामांकित हॉटेलांत माणशी सत्तर ते ऐंशी पौंड किंवा जास्त, कित्येकदा वर सेवाशुल्क. ‘रिट्झ’मध्ये तर पुरुषांना कोट-टाय लागतो. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असेल तर जरूर करा, दोन-तीन महिने आधी नोंदवा आणि दुपारचं जेवण सोडून जा, कारण रिकाम्या ताटल्या ते पुन्हा भरतात. नुसती हौस असेल तर ‘क्रीम टी’ मागा. चहा, स्कोन, दाट साय आणि जॅम, ८ ते १५ पौंड.

माझा सल्ला ऐकाल तर साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जा. प्रवेश फुकट. तिथलं उपाहारगृह हे जगातलं पहिलं संग्रहालयातलं उपाहारगृह. एकोणिसाव्या शतकात सजवलेल्या तीन खोल्या, त्यातली एक विल्यम मॉरिसने. मधल्या दालनातले चिनीमातीचे खांब, रंगीत काचा, वर गोल दिवे. चहा आणि स्कोन मिळून नऊ-दहा पौंड. ट्रे स्वतः उचलायचा, जागा सापडेल तिथे बसायचं. हॉटेलातल्या चहाला जी शोभा असते ती इथे आठव्या हिश्श्यात मिळते आणि तुम्हाला उठवायला कुणी येत नाही. मागच्या वेळी मामी मॉरिसच्या हिरव्या खोलीत दीड तास बसल्या. पायही दुखायचे थांबले.

चहा घरी न्यायचा तर स्ट्रँडवर २१६ क्रमांकाचं ट्वायनिंग्जचं चिंचोळं दुकान आहे, १७०६पासून त्याच जागी. मागच्या बाजूला जुने डबे आणि कागदपत्रं मांडलेली आहेत, ती बघायला पैसे नाहीत. डब्यावरचं ‘आसाम’ वाचून आपण घरचंच विकत घेत नाही ना, तेवढं पाहा.

एका शनिवारचा हिशेब

मामांबरोबरचा शेवटचा शनिवार मी लिहून ठेवला आहे, माणशी. बसची दिवसाची मर्यादा ५.२५. कॅफमध्ये चहा आणि लोणी लावलेला टोस्ट ५. ब्रिक लेनचं बेगल ३. बोरोमध्ये दोघांत एक थाळी, ६. बर्मंडसीला दोन कमानी, दोन एक-तृतीयांश ग्लास, ६. संध्याकाळी जॉर्जच्या अंगणात अर्धा पाइंट, ३.५०. रात्री दोघांत फिश अँड चिप्स, ८. एकूण ३६.७५ पौंड, म्हणजे साधारण ४,४०० रुपये. यात पाणी कुठेच विकत घेतलेलं नाही; बाटली घरून नेली होती आणि पबमध्ये दोनदा भरून घेतली.

पबमध्ये साधारण अकराच्या सुमारास, रविवारी थोडी आधी, घंटा वाजते. ती शेवटच्या मागणीची. त्यानंतर ग्लास संपवायला थोडा वेळ देतात, घाई करू नका. निघताना रिकामे ग्लास काउंटरवर नेऊन ठेवले तर तिथली माणसं मनापासून आभार मानतात. रात्रीच्या बसचं भाडंही १.७५च असतं, शुक्रवारी-शनिवारी काही भुयारी मार्ग रात्रभर चालतात, आणि दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरची पुढची दोन आसनं त्या वेळी बहुधा रिकामी असतात.